आवाज मोजणाऱ्या मास्तराचं पेटंट

प्रिय भाऊजी,

वहिनीचा नमस्कार, आणि तुम्ही वयाने लहान म्हणून सोबत आशीर्वादही पाठवते आहे. दोन्हींपैकी सोयीचं असेल ते ठेवून घ्या, उरलेलं परत केलंत तरी राग नाही. तुमची प्रकृती कशी आहे? पाठीचं दुखणं थांबलं का? (थांबायला हवं. हल्ली पाठ फिरवण्याचा व्यायाम तुम्हाला बराच झालेला आहे.) जाऊबाईंना आठवण सांगा, छोटीचा पापा घ्या. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सासूबाईंचा रक्तदाब आटोक्यात आहे, तुमच्या दादांचा तर कशानेच वाढत नाही, आणि मला कामावरून काढून टाकलं आहे. बाकी विशेष नाही.

हे फोनवर सांगितलं असतं. पण तुमच्या ऑफिसात फोन लावला की एक बाई सांगते, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया लाइनवर थांबा. भाऊजी, हे वाक्य मी उभ्या जन्मात इतक्या लोकांना ऐकवलं आहे की त्याचा खरा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको. मोबाइलवर करावा तर तो वाजून वाजून दमतो. म्हणून शेवटी पत्र. पत्राला होल्डवर ठेवता येत नाही. (फाडता येतं, पण त्यासाठी आधी ते हातात घ्यावं लागतं.) तुमच्या दादांनी मला पत्र लिहिताना पाहिलं आणि विचारलं, कुणाला? मी म्हटलं, तुमच्या भावाला. ते म्हणाले, बरं, आणि चष्मा शोधायला गेले. तो त्यांच्या नाकावरच होता.

आता मूळ हकिगत. तुम्हाला ती अर्धी माहीत आहे, पण तुमच्या बाजूची अर्धी. म्हणून पहिल्यापासून सांगते. आमची तक्रारींची खोली तुम्ही पाहिलेली आहे. (म्हणजे दारातून डोकावला होतात. आत यायच्या वेळी तुम्हाला फोन आला.) कमरेएवढ्या उंचीच्या पार्टिशनचे खण, प्रत्येक खणात एक माणूस, त्याच्या डोक्यावर हेडफोन, आणि हेडफोनच्या स्पंजाचा काळा भुगा कायमचा खांद्यावर. खिडकी आहे, पण उघडायची नाही, कारण बाहेरचा आवाज फोनवर जातो. कंपनी वॉशिंग मशीन विकते आणि ती बिघडली की लोक आम्हाला फोन करतात. मशीन आम्ही बनवलेली नसते, आम्ही बिघडवलेली नसते आणि दुरुस्तही आम्ही करत नाही. आम्ही फक्त शिव्या खातो आणि कारागीर कधी येईल ते सांगतो. हे काम मी लग्नानंतर लगेच धरलं आणि गेल्या महिन्यापर्यंत केलं. मी काही फार गोड आहे असं नाही. एका गृहस्थांना मी सरळ सांगितलं होतं की आधी नळ उघडा आणि मग तोंड. पण माझ्याशी एकदा बोललेला माणूस सहसा पुन्हा फोन करत नसे. एक तर त्याचं काम झालेलं असे, नाहीतर त्याला माझी धास्ती बसलेली असे. दोन्ही प्रकारांत कंपनीचा फायदाच होता.

पूर्वी आमचं काम मोजायची पद्धत साधी होती. जुने साहेब अधूनमधून गुपचूप पाठीमागे येऊन उभे राहत, थोडं ऐकत आणि ‘ठीक’ म्हणून पुढे जात. ठीक म्हणाले तर ठीक, काही न बोलता गेले तर संध्याकाळी बोलावणं. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले, ज्यांना आम्ही रंगारी म्हणतो. (तोंडावर नाही.) या गृहस्थांना माणसं दिसतच नाहीत, फक्त रंग दिसतात. त्यांनी आल्या आल्या कंपनीतच ते सॉफ्टवेअर बनवून घेतलं, ज्याला आम्ही मास्तर म्हणतो. हा मास्तर प्रत्येकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एका ठिपक्याच्या रूपाने बसतो, आमचं बोलणं ऐकतो आणि रंग बदलतो. आवाजात हसू असलं की हिरवा, हसू आटलं की पिवळा, आणि माणूस वाया गेला की लाल. महिनाभराचे ठिपके एकत्र करून प्रत्येकाचा एक मोठा रंग ठरतो, तो रंगारीसाहेबांच्या केबिनमध्ये लागतो, आणि त्यावरून कुणाला ठेवायचं, कुणाला घालवायचं हे ठरतं. एकदा पलीकडच्या खणातल्या मुलीला सर्दी झाली. तिचं नाक बंद असेपर्यंत मास्तराने तिला ‘ग्राहकाविषयी अनास्था’ असा शेरा दिला. नाक उघडलं तशी आस्था परत आली. एकाची खुर्ची कुरकुरत होती, तो कुरकुर्‍या स्वभावाचा ठरला. आम्ही हसलो. हसताना फोन चालू होता, म्हणून सगळे हिरवे झालो.

मास्तराच्या राज्यात पहिला आला तो आमच्यातला साखरपाक. हा तरुण इतकं गोड बोलतो की ऐकणाऱ्याच्या कानाला मुंग्या लागाव्यात. काम मात्र शून्य. ग्राहक म्हणतो मशीनमधून धूर येतोय, हा म्हणतो, आपण कळवलंत याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. ग्राहक फोन ठेवतो, थोड्या वेळाने पुन्हा करतो, हा पुन्हा आनंद व्यक्त करतो. मास्तराच्या हिशोबी हे दोन वेगवेगळे फोन, दोन्ही हिरवेगार. म्हणजे काम जितकं कमी होईल तितकी कामगिरी वाढते! आणि मी? मला एक खोड आहे, ती तुमच्या घरात आल्यावर लागलेली. समोरचा चिडून बोलायला लागला की मी गप्प बसते. त्याचं सगळं बोलून होऊ देते, मधे फक्त ‘हं’ म्हणते, आणि तो थकला की मग विचारते. या गप्प बसण्याला मास्तर ‘रिकामा वेळ’ म्हणतो. ‘हं’ हा त्याला शब्दच वाटत नाही. म्हणून मी लाल. रंगारीसाहेबांनी समज दिली, मी सुधारणा करून पाहिली. एका आजोबांचं बोलणं दर वाक्याला तोडून मी त्यांची क्षमा मागितली. आजोबा म्हणाले, बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का? तेवढाच एक हिरवा ठिपका मला त्या महिन्यात मिळाला.

इथपर्यंत हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग कंपनीला वाटलं की मास्तराचं पेटंट घ्यावं, म्हणजे दुसऱ्या कुणाला असला मास्तर ठेवता येणार नाही; आणि ते मिळवून द्यायला पेटंटचे सल्लागार म्हणून तुम्ही आलात. सासूबाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. धाकटा मुलगा घरी, तोही थोरल्या सुनेच्या कंपनीच्या कामासाठी! तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेत, पाठीला उशी घेतलीत, आणि मी चहा करत राहिले. (साखर कमी, दूध वेगळं. अजून लक्षात आहे.) तेव्हा तुम्हीच मला समजावलं होतं की हे काम किती अवघड आहे. नोकरांचं काम मोजायची नुसती रीत कितीही हुशारीची असली तरी तिला पेटंट नाही. दुकानदारसुद्धा गल्ल्यावर बसून पोऱ्या कसा वागतो ते बघतोच. तो धंदा चालवण्याचा भाग झाला, शोध नव्हे. तीच रीत संगणकात घातली म्हणून काही शोध होत नाही. पेटंट हवं असेल तर दाखवावं लागतं की यंत्राच्या पोटात काहीतरी नवं तांत्रिक काम होतंय आणि त्याचा माणसांना जोखण्याशी संबंध नाही. मी विचारलं, पण तो माणसांनाच तर जोखतो ना? तुम्ही म्हणालात, वहिनी, तेच तर लपवायचंय. मला तेव्हा हसू आलं होतं. घरातला माणूस इतका हुशार आहे याचं कौतुकही वाटलं होतं, हे कबूल करते.

मग तुम्ही अर्जातून आम्हा सगळ्यांना हद्दपार केलंत. जिथे ‘कर्मचारी’ होतं तिथे ‘पहिला ध्वनिस्रोत’ घातलंत. ‘ग्राहक’ झाला ‘दुसरा ध्वनिस्रोत’. ‘चांगलं बोलणं’ याचं ‘लहरींचं गुणलक्षण’ झालं. तुम्ही मोठ्याने वाचत होतात आणि सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, हा ध्वनिस्रोत कोण, आपल्या नात्यातला का? त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरी हीच थट्टा चालली होती. मी तुमच्या दादांना ध्वनिस्रोत म्हणायची. (ते तर तेवढेसुद्धा नाहीत. औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांना गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगून येतात आणि घरी आल्यावर त्यांच्याकडे एकच शब्द उरलेला असतो, तो म्हणजे ‘बघू’.) मला कुठे ठाऊक होतं की कागदावरून खोडलेला माणूस खुर्चीवरूनही खोडता येतो.

पेटंट कार्यालयातल्या सुनावणीच्या वेळी परीक्षकांना यंत्र चालवून दाखवायचं ठरलं. कुणीतरी फोन घेणारं माणूस न्यायला हवं होतं. रंगारीसाहेब साखरपाकाला नेणार होते, पण तुम्ही म्हणालात, आमच्या वहिनीच चालतील, त्यांना अनुभव आहे, त्या घाबरायच्या नाहीत. मी ठेवणीतले कपडे काढले, केस नीट बांधले, आणि आपण तिघं गेलो. लांबलचक व्हरांडा, भिंतीशी फायलींचे गठ्ठे, आत एक टेबल आणि एक पाय आखूड असलेली खुर्ची. ती अर्थातच मला मिळाली. परीक्षक म्हणजे किडकिडीत, हळू आवाजात बोलणारे, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः भरून आणणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, ग्राहक कोण होणार? रंगारीसाहेब पुढे झाले, तर ते म्हणाले, राहू द्या, मीच होतो. फोन हातात घेतला, घसा साफ केला, आणि बोलायला लागले.

भाऊजी, तुम्ही त्या वेळी कागद चाळत होतात, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल, पण माझ्या लक्षात त्यांच्या पहिल्या वाक्यातच आलं. ते नाटक करत नव्हते. त्यांच्या घरी खरोखरच आमचंच मशीन होतं, आणि ते कपडे पिळायला लागलं की न्हाणीघरभर चालत सुटायचं. एकदा तर ते दाराला आतून जाऊन टेकलं आणि बायकोला कितीतरी वेळ बाहेर येता येईना. बायको म्हणते मशीन तुम्ही आणलंत, मुलगा म्हणतो तुम्हाला काही कळत नाही, आणि मशीन आणणाऱ्या पोरांनी नुसत्या सह्या घेतल्या. इतका हळू बोलणारा माणूस हळूहळू चढत गेला. मी गप्प बसून ‘हं’ म्हणत राहिले. सगळं बोलून झाल्यावर मी विचारलं, मागच्या बाजूचे, ने-आण करताना लावतात ते बोल्ट काढले होते का? ते म्हणाले, कसले बोल्ट? मी म्हटलं, पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहेत, ती वाचायची राहिली असेल तर आज घरी गेल्यावर वाचा, आणि मशीनवर ओरडू नका, बायकोवर तर मुळीच नको. मग ते चक्क हसले. म्हणाले, बरं वाटलं. तेवढ्यात सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. माझा ठिपका लालबुंद होता.

परीक्षकांनी चष्मा पुसला आणि साधाच प्रश्न विचारला. मला तर समाधान झालं, मग हे लाल का? रंगारीसाहेबांनी तुमच्याकडे पाहिलं. तुमचे कान लाल झाले. (तुमचं लहानपणापासून असंच होतं असं सासूबाई सांगतात.) तुमची अडचण मला तिथल्या तिथे कळली, आमच्या जेवणाच्या टेबलावर तुमचीच शिकवणी झालेली होती. मास्तराचं बरोबर आहे, बाई खरंच वाईट आहे, असं म्हणावं तर मास्तर माणसांना जोखतो हे कबूल होणार आणि पेटंट जाणार. मास्तराचं चुकलं म्हणावं तर असलं चुकणारं यंत्र हवंय कुणाला? तुम्ही उभे राहिलात आणि शांतपणे म्हणालात, ‘महोदय, ही प्रणाली या बाईंबद्दल काहीच म्हणत नाही. ती कोणत्याही व्यक्तीच्या लायकीबद्दल मत देत नाही आणि देऊ शकत नाही. दोन आवाज एकमेकांत मिसळलेले असतात, ते कमी वेळात वेगळे करणं एवढंच तिचं काम आहे. रंग ही केवळ खूण आहे, तिचा या बाईंच्या कामाशी संबंध जोडू नये.’

मी ते वाक्य तोंडपाठ केलं आहे. मुद्दाम नाही केलं, आपोआप झालं. कारण किती महिने तो लाल ठिपका बघून मला रोज सकाळी ऑफिसच्या जिन्यावर धाप लागायची, आणि भरल्या खोलीत, सरकारी माणसासमोर, कुणीतरी पहिल्यांदाच म्हटलं की त्याचा माझ्या लायकीशी संबंध नाही. तेही कुणी परक्याने नाही, आपल्या भाऊजींनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, भाऊजी. तुम्हाला वाटलं असेल खुर्ची डुगडुगते म्हणून मी खाली बघतेय. येताना टॅक्सीत तुम्ही म्हणालात, वहिनी, आज तुमच्यामुळे जिंकलो. मला वाटलं, आपण दोघंही जिंकलो.

पेटंट मिळालं. तुम्ही घरच्या ग्रुपवर प्रमाणपत्राचा फोटो टाकलात, सासूबाईंनी तो मोठा करून शेजारी दारोदार दाखवला, आणि मी सगळ्यांत आधी अंगठा दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत रंगारीसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर प्लास्टिकचं झाड, भिंतीवर आमचे सगळ्यांचे रंग. ते फार प्रेमाने बोलले. म्हणाले, तुमच्याविषयी आमच्या मनात काहीच नाही, पण मास्तर (ते त्याचं दुसरंच लांबलचक नाव घेतात) सातत्याने लाल दाखवतोय, आणि आता तर त्याला सरकारचं पेटंट आहे, म्हणजे त्याचं मोजमाप बरोबर असल्याचा दाखलाच मिळाला. मी म्हटलं, साहेब, पेटंट मिळालं ते त्याचं मोजमाप बरोबर आहे म्हणून नव्हे, तो माणसाचं मोजमापच करत नाही असं आपण परीक्षकांसमोर सांगितलं म्हणून. तेव्हा साहेब, तुम्ही शेजारीच बसला होतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू काही भिंतीवरच्या घड्याळाने त्यांना उलट उत्तर दिलं. मग म्हणाले, ते तिकडचं. हे इकडचं. आणि सामान न्यायला मला एक खोकं दिलं, आमच्याच मशीनचं, पाईप येतात ते. माझ्या खणात आता साखरपाक बसतो, कारण तिथे पंख्याचा वारा लागतो.

घरी आल्यावर तुमच्या दादांनी खोकं उचलून आत ठेवलं आणि म्हणाले, बघू. मी म्हटलं, काय बघणार? ते म्हणाले, तेच बघू. (एकीकडे बायको आणि दुसरीकडे पाठचा भाऊ, त्या बिचाऱ्यांनी तिसरं काय म्हणावं? माझा त्यांच्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण तो घरातल्या घरात निस्तरता येतो.) सासूबाईंचं मात्र वेगळं. त्यांना आधी विश्वासच बसेना. म्हणाल्या, अगं पण धाकट्याने पास केलेलं यंत्र चुकेल कसं? मी ‘हं’ म्हटलं. झोपायला जाताना म्हणाल्या, यंत्राचं जाऊ दे, त्याचा फोन आला का? मी म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेजाऱ्यांना फोटो दाखवणं बंद केलं आहे.

भाऊजी, आता थट्टा बाजूला ठेवून एकदाच सांगते. मला वाईट वाटलं. नोकरी गेल्याचं वाटलंच, या वयात मला कोण फोनवर बसवणार! पण त्याहून वाईट हे वाटलं की तुम्हाला रंगारीसाहेबांकडून लगेच कळलं होतं आणि तुम्ही एक फोन केला नाहीत. तुमच्या धंद्यात एकाच वस्तूबद्दल दोन दारांत दोन गोष्टी सांगाव्या लागत असतील, मला कळतं. आम्हीही कारागीर निघालाय असं सांगायचो, तेव्हा तो बऱ्याचदा जेवत असे. पण ज्या बाईबद्दल यंत्र काहीच म्हणत नाही असं तुम्ही म्हणालात, त्या बाईबद्दल तुम्हीही काहीच म्हणत नाही, हे मला झेपलं नाही.

तर मी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. वकील केलेला नाही. तिथे आपली बाजू आपणच मांडता येते आणि समोरच्याच्या माणसाला प्रश्नही विचारता येतात. कंपनीने उत्तरात लिहिलंय की ही प्रणाली प्रत्येक व्यक्तीच्या कामाचं अचूक आणि निःपक्षपाती मूल्यमापन करते. ते वाचून मला तो व्हरांडा, ते टेबल आणि तुमचे कान आठवले. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. मला तुमच्याकडून काहीएक नको, हे स्पष्ट करते. केवळ तुमच्या माहितीसाठी लिहिलं, घरातली गोष्ट बाहेरून कळू नये म्हणून. पाठीला जपा, गाडीत उशी ठेवत चला, आणि जाऊबाईंना पत्र दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची,
वहिनी
(म्हणजे पहिला ध्वनिस्रोत)

ता. क. — काहीएक नको असं वर लिहिलं आहे, त्यात थोडी दुरुस्ती. एक वाक्य हवं आहे. नवं नको, तुम्ही एकदा बोललेलंच हवंय, त्याच शब्दांत, कामगार अधिकाऱ्यांसमोर. ‘ही प्रणाली या बाईंबद्दल काहीच म्हणत नाही.’ बाकी माझी भलामण करू नका. मी चांगली आहे असं सांगायची गरज नाही, ते माझं मी बघून घेईन.

आणखी एक — मला माहीत नाही असं समजू नका. मास्तर किती अचूक आहे हे अधिकाऱ्यांना समजावून सांगायला कंपनी तुम्हालाच आणते आहे, हे मला साखरपाकाने सांगितलं. (गोड माणसाच्या पोटात काही राहत नाही.) म्हणून हे पत्र. आता तुम्ही तिथे मास्तर माणसं जोखतो असं म्हणालात, तर पेटंटच्या परीक्षकांना ते कळवायला मला फार वेळ लागणार नाही. मिळालेलं पेटंटही मागे घेतलं जाऊ शकतं, हे तुम्हीच आमच्या टेबलावर सांगितलं होतं. परीक्षकांचं मशीन आता जागेवर उभं राहतं, त्यांनी मुद्दाम फोन करून कळवलं होतं. ते माझं पत्र नक्की वाचतील.

शेवटचं — वरची धमकी खोडायची होती, पण शाई पुसली जात नाही आणि दुसरा कागद घेतला तर सगळं पहिल्यापासून लिहावं लागेल, तेवढं बळ नाही. मी परीक्षकांना लिहिणार नाही. काहीही झालं तरी नाही, तुमचं नाव त्यात आहे आणि तेच आडनाव मीही लावते. तुम्हाला जे म्हणायचं असेल ते म्हणा, आणि त्यानंतर जेवायला घरीच या, आई वाट बघतील. फक्त एक करा. त्या खोलीत मला वहिनी म्हणू नका. बाई म्हणा, तक्रारदार म्हणा. वहिनी म्हणालात तर माझ्याच्याने तुम्हाला प्रश्न विचारवणार नाही, आणि प्रश्न तर मला विचारायचाच आहे.